होडीचा ट्रेलर आणि खडकीचे चाचा

चाचांनी एका जागी उभं राहून चहा प्यालेला मी कधी पाहिला नाही. कपबशी हातात घेऊन ते कामाभोवती फेऱ्या घालायचे. तिसऱ्या फेरीला चहा संपायचा आणि कामातली एखादी चूक सापडायची. मग कप जिथे असेल तिथे ठेवला जायचा. त्यांच्या शेडमध्ये पाना शोधायला गेलं की आधी कप सापडे.

खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग करून चाचा निवृत्त झाले आणि घराशेजारीच पत्र्याची शेड टाकून बसले. 'बसले' हा शब्द अर्थात चुकीचा. हिंजवडीत तेव्हा नव्या इमारतींच्या काचा बसत होत्या. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची प्रशासनाची कामं माझ्याकडे होती. साहेबांनी हौसेने कंपनीसाठी फायबरची होडी घेतली. परदेशी पाहुण्यांना भाटघर धरणाच्या पाण्यात फिरवायचं होतं. सोबत ट्रेलर घेतला तो जुना, दुसऱ्याच होडीचा, सपाट बुडाच्या. माझ्या यादीत अकरावी ओळ होती: ट्रेलर दुरुस्ती, दोन दिवस.

"दुरुस्ती कसली? मोडलेलं काहीच नाही," चाचा म्हणाले. "एकाचा बूट दुसऱ्याला घातलाय." मग त्यांनी होडीच्या पोटावरून तळहात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, जनावर विकत घेताना फिरवतात तसा. "पाणी हिला सगळीकडून धरतं, मॅडम. तुमचा ट्रेलर दोन ठिकाणी टोचतो. खड्ड्यात आपटली की तिथेच तडकेल."

दोन दिवसांचे सहा झाले. पोटाच्या गोलाईला जुळतील अशा लाकडी फळ्या त्यांनी तासल्या, त्यावर जुनी सतरंजी ठोकली. होडीचं नाक टेकतं तो खांब मागे घेतला. चाकांचा आस चार बोटं सरकवला, पुन्हा दोन बोटं परत आणला. मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायची, "चाचा, झालं म्हणू?" ते म्हणायचे, "म्हणा की. म्हणायला काय लागतं?"

सगळा जीव त्यांचा पुढच्या दांड्यावर, म्हणजे जीपला जोडायच्या टोकावर. ते टोक ते स्वतः हातांनी उचलून बघत. "हलकं लागलं तर मागे वजन जास्त. मग ट्रेलर शेपूट हलवणार, आणि उतारावर शेपूटच जीपला चालवणार. उचलताना शिवी आठवली पाहिजे, पण द्यावी लागू नये. इतकंच जड." शुक्रवारी त्यांना शिवी आठवली असावी. ते हसले. पण आम्ही होडी न्यायला लागलो तेव्हा म्हणाले, "उद्या निघायच्या आधी मी एकदा उचलणार. सात वाजता कंपनीत येतो. तोवर हलू नका."

शनिवारी साडेसहालाच साहेबांचा फोन आला, की पाहुणे हॉटेलातून निघाले, तुम्ही निघा. चाचांकडे मोबाइल नव्हता. मी अकराव्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि जीपमध्ये बसले.

होडी रिकामी नव्हती. रिकामी कशाला न्यायची, असा विचार मीच केला होता. वेगळा टेम्पो वाचवला म्हणून मनात स्वतःवर खूश होते. पाण्याचे कॅन, पातेली, दोन सिलिंडर, घडीच्या खुर्च्या. होडीचा पुढचा भाग झाकलेला, म्हणून सगळं मागे.

वारज्याला नाश्त्यासाठी थांबलो. तिथून निघाल्यावर उतारावर ड्रायव्हर पवार म्हणाले, "मॅडम, मागनं कुणीतरी जीप हलवतंय."

"सावकाश घ्या."

"सावकाशच हाय."

मी यादी उघडली, मिटली. घड्याळ पाहिलं. थांबा म्हणाले नाही. कात्रजच्या डेअरीच्या पुढे, घाट लागायच्या आधी, एक स्कूटर जीपपुढे येऊन आडवी उभी राहिली. चाचा होते. हेल्मेट नव्हतं, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

ते तडक ट्रेलरकडे गेले. चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि पवारांना कडी सोडायला सांगितली. कडी सुटली तसा दांडा कुणी हात न लावता वर गेला आणि होडीची मागची बाजू धप्पकन खाली बसली. एक पातेलं रस्त्यावर घरंगळलं.

सामान उतरवायला आणि टेम्पो मिळायला दीड तास गेला. साहेबांचा फोन आला, पाहुणे ताटकळले आहेत. मी चाचांना तसं सांगितलं. "ताटकळू द्या," ते म्हणाले, "ताटकळलेला माणूस जिवंत असतो." रिकाम्या होडीचा दांडा त्यांनी उचलला, जोडला, पुन्हा सोडवून पुन्हा उचलला.

मी माफी मागितली.

"माझी कशाला? मी वारज्यापासून मागे होतो. पुढे यायला जागा मिळेना, शेपूट दोन्हीकडे फिरत होतं. माझ्यापुढे एक स्कूटर होती. नवरा-बायको, मध्ये पोर. तुमचा ट्रेलर डोलला की तो बिचारा ब्रेक दाबायचा. नवले पुलाशी वळला तो. सापडला तर त्याची मागा."

होडी सुखरूप पोचली. पाहुण्यांनी फोटो काढले. त्या दिवशी घाट उतरताना मी काचेतून मागेच बघत होते.

नंतर मी खडकीला गेले की चाचा खुर्ची पुसून द्यायचे, चहा मागवायचे, सुनेला आतून बोलावून ओळख करून द्यायचे. पण काम घेतलं नाही. मांडणी नाही, जिन्याचा कठडा नाही. "तुमचं काम घाईचं असतं, मॅडम," एवढंच, अगदी आदराने. आणि दुसऱ्या चांगल्या कारागिराचा पत्ता लिहून द्यायचे. नऊ वर्षांत असे सात पत्ते जमले.

चाचा गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा शेड बंद होती. सुनेने पाणी दिलं आणि विचारलं, "अब्बा तुमच्याबद्दल बोलायचे. तुमचा ट्रेलर का काहीतरी होता ना? झाला होता ना तो नीट?"

"त्यांनी नीटच केला होता," मी म्हटलं. "मी सातपर्यंत थांबले नाही."