पदकाचा हूक

शिंपीकाका रागही कापडासारखा घडी घालून जपणारा माणूस. त्यांच्या बायकोने उभी केलेली बहिऱ्या मुलांची शाळा संचालकाने लाटली, तिलाच हाकलले, आणि त्या कामासाठी देशाचा सन्मान आता त्याला! गावात कोट शिवणारे काका एकटेच, म्हणून तो निर्लज्जपणे त्यांच्याकडेच आला.

"काका, पदक अडकवायचा हूक पक्का लावा. टीव्हीवर दिसणार आहे."

"निर्धास्त राहा, साहेब. जशी तुमची करणी, तसा माझा टाका."

एरवी कापड फाटले तरी काकांचा टाका सुटत नसे. हा हूक मात्र त्यांनी कच्च्या दोऱ्याने नुसता टाचला.

सोहळ्यात पदक हुकाला लागले आणि हुकासकट खाली पडले. संचालक ते उचलायला वाकला.

टीव्हीसमोर बायकोशेजारी बसलेले काका दात आवळून म्हणाले, "वाक मेल्या, हिच्यापुढे अजून वाक!"