जिनिंगातलं बोंड

आमच्या गावची जिनिंग, कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडली. मशिनी गेल्या, पत्रे गेले, चौकीदारही गेला. उरलं ओसाड आवार आणि त्याच्या पडक्या भिंतीला लागून आमचं वावर. त्या आवाराकडे वर्षानुवर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग पुण्याहून एक शिल्पकार आले आणि त्यांना तिथं शेतकऱ्याचं दुःख एका नजरेत दिसलं. शिकलेल्या माणसाची नजरच तशी असते.

त्यांना आवारात कापसाचं बोंड उभं करायचं होतं, घराएवढं आणि तेही पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या वाळक्या झाडांचं. नेमकी तेव्हाच कृषी खात्याची जीप गावात भोंगा वाजवून गेली होती. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत दडून बसते, म्हणून पऱ्हाटी उपटा आणि जाळा. लोकांना जाळत बसायचा कंटाळा. शिल्पकार म्हणाले, इथं आणून टाका. झालं. अख्ख्या गावानं बैलबंड्या भरभरून कलेची सेवा केली. सगळ्यांची वावरं साफ झाली आणि गावाची सारी अळी आमच्या धुऱ्याशी, बांधालगत येऊन बसली.

माय एकटीच सांगायला गेली. वडील गेल्यापासून वावर तीच पाहायची. तिचा जीव आमच्यापेक्षा त्या कपाशीत जास्त, हे आम्ही भावंडं जाणून होतो.

"भाऊ, या बोंडायत अळी हाय. पाणी पडलं का पाखरू होऊन माह्या कपाशीवर येते. जाळून टाका ना."

शिल्पकार भारावले. "मावशी, तेच तर! हे शिल्प जिवंत आहे. त्याला श्वास घेऊ द्यायचा."

"मंग तुमच्या घरी नेऊन घेऊ द्या," माय म्हणाली. ते खूप हसले. आमचं बोलणं पुण्याच्या लोकांना फार गोड लागते.

उद्घाटनाला शेतकऱ्याच्या वेदनेवर भाषणं झाली. पाहुणे मंडपात, शेतकरी उन्हात. सरपंच मायच्या कानाशी लागले, "काकू, गावाचं नाव होऊन राह्यलं, तुम्ही काऊन आडव्या येता?"

पावसाळ्यात मायनं भिंतीलगत मादीच्या वासानं नर पाखरं ओढणारे कामगंध सापळे लावले. पाखरं अडकायची, ती रोज काढून मारायची. शिल्पकारांना सापळेही आवडले. एक मागून नेऊन त्यांनी बोंडाला टांगला. तरी भिंतीकडच्या तासांत, कपाशीच्या पहिल्या ओळींत, डोमकळ्या दिसायला लागल्याच. आत अळी बसली की फूल उमलतच नाही, मिटल्या गुलाबासारखं राहते. बियाण्याची पिशवी देताना दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, बीटीच्या वाटेला बोंडअळी जात नाही. अळीनं ते ऐकलं नसावं.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. कपाशीला दहीभाताचा निवद दाखवायचा, मगच वेचायला हात लावायचा. माय ताट घेऊन सारं वावर फिरली. जे बोंड उकलून पाहावं त्यात पिवळा, किडका कापूस. निवद दाखवावा असं एक झाड तिला सापडेना. मग ती भिंतीच्या खिंडारातून आवारात शिरली आणि सगळा दहीभात त्या बोंडाच्या पायथ्याशी ओतला.

"सारं तं खाल्लं तुनं," ती म्हणाली. "हे बी खाय."

तिथंच बसून ती रडली. मी तिला उठवत होतो, तेव्हा शिल्प पाहायला आलेल्या कोणीतरी मागून फोटो काढला.

तो फोटो आता शिल्पकारांच्या गुळगुळीत पुस्तिकेत आहे. खाली छापलंय, 'कलाकृतीची मनोभावे पूजा करताना स्थानिक शेतकरी महिला.'