उंबऱ्यावरची पंगत

एक लग्न अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. बाळांनो, तिथे मी छापा घालायला गेले होते.

एकोणीसशे साठनंतरची टंचाईची वर्षे होती. लग्नात ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे जेवू घालायची नाहीत, असा सरकारी हुकूम होता. मी दारव्हा तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होते. बाई फौजदार कशी दिसते ते बघायला लोक बाजाराच्या दिवशी मुद्दाम ठाण्यावरून जात.

बोरी अरब गावच्या बाजारातला एक दुकानदार खबर घेऊन आला. जवळच्या बंजारा तांड्यावर उद्या लग्न आहे आणि वधूपित्याने सारी वस्ती जेवेल एवढी डाळ नि गूळ नेला आहे. गुन्हा शाबीत झाला तर अन्न जप्त आणि बाप अटकेत. मग वऱ्हाड मांडवातूनच परत फिरले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आणि साक्षीला दोन पंच घेऊन मी पोचले. मांडवात मोजकेच वऱ्हाड होते, हुकुमात बसेल एवढे. पण पलीकडे नजर गेली आणि मी थबकले. तांड्याच्या दोन्ही ओळींत, घराघरासमोर, त्या त्या घरची माणसे आपल्या उंबऱ्याशी पळसाच्या पत्रावळी मांडून बसली होती. कोणी घासाला हात लावला नव्हता. सगळ्यांचे डोळे मांडवातल्या नवरीकडे होते. तिने पहिला घास घ्यायचा, मग तांड्याने.

तांड्याचा प्रमुख, नायक, पुढे आला.

"हे सगळे जेवणारे कोण?" मी विचारले.

"आपापल्या घरी जेवून राह्यले, बाई. घरी जेवाले बी परवानगी लागते का?"

"सगळे एकाच वेळी?"

"भूक एकाच वेळी लागली."

हवालदार हसला.

वधूपित्याला बाजूला घेतले. उत्तर सरळ आले. "डाळ मीच आनली. काल घरोघर वाटली. शिजवली ज्यानं त्यानं. पोरीच्या लग्नात तांडा उपाशी ठेवू का?"

तो खोटे बोलत असेल तर घराघरांतल्या चुली थंड असणार. मी एका घरात शिरून चुलीवर हात धरला. गरम. शेजारच्या घरातही गरम. तिसऱ्या दारातून मात्र एक म्हातारी हललीच नाही.

"माही सून बाळंतीन हाये आत. तुमाले चूलच पाह्याची हाये ना? थांबा."

ती आत गेली, चिमट्यात धगधगता निखारा धरून आली आणि माझ्या बुटांपुढे ठेवला. "घ्या. आता मोजा याची धग."

मी मागे सरले. मांडवात नवरी अजून घास हातात धरून बसली होती.

हवालदार हळूच म्हणाला, "बाई, डाळ त्याचीच. केस बसते."

बसली असती. पंचनाम्यात मी पाहिले तेवढेच लिहिले: जो तो आपल्या दारात, आपल्या चुलीवरचे जेवायला बसला होता. पंचांनी अंगठे उठवले. मी नायकाकडे बघून मान हलवली. नवरीने घास घेतला, आणि साऱ्या तांड्याचे हात एकदम पत्रावळीकडे गेले. शिट्टी नाही, आरोळी नाही. आमच्या कवायतीत तसे कधी साधले नाही. मी बघतच राहिले.

धान्य खरेच कमी होते. हुकूम काढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असला की घरात कुठवर शिरावे याचे भान सरकारला राहत नाही, आणि शिरणारे पाय आमचे असतात. पुढे नोकरीभर, झडतीला गेले की दारात थांबून मी स्वतःला विचारायचे: आत कोणाचे काही बिघडले आहे, की नुसते आपल्याला बघायचे आहे? नुसते बघायचे असले की तो निखारा बुटांपुढे दिसायचा, आणि मी बाहेरूनच परतायचे.