कुठे निघालात?

गाडीच्या पुढच्या चाकांचे फाटलेले रबरी बुश मी दहिसरला आमच्या बिल्डिंगखालीच बदलले, कारण गॅरेजवाल्याशी माझं भांडण झालं होतं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गावी जायचं होतं, वाटेत घाट होता. शेवटचे बोल्ट गाडीवर नेहमीचं वजन असताना आवळायचे, नाहीतर नवं रबर पिळवटून फाटतं, असं वाचलं होतं. म्हणून जॅक काढला आणि आईलाच पुढच्या सीटवर बसवलं. ती मांडीवर पर्स घेऊन बसली. मी चाकापाशी आडवा होऊन पान्याला जोर लावत होतो, पण बोल्ट पुरेसा आवळला की नाही तेच कळेना.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका जाता जाता म्हणाले, "काय, कुठे निघालात?"

ते पुढे गेले आणि आई खाली उतरली. "मेल्याने नेमकं ‘कुठे’ विचारलं. घरात जाऊन पाणी पिऊन येते."

"अगं, आपण आत्ता कुठेच जात नाहीये."

"उद्या याच चाकांवर जायचंय ना?"

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. ती परत येऊन बसली, तोवर मी आवळलेले सगळे बोल्ट पुन्हा सैल करून ठेवले होते.