मी न वाचलेल्या चार ओळी

माझी भावजय द्वारका हिला जाऊन आता वर्ष होत आले. लोक अजून घरी येतात, तिच्या सोशिकपणाच्या आणि भक्तीच्या गोष्टी काढतात आणि जाताना म्हणतात, "अक्का, तुमचं दोघींचं किती जुळायचं!" मी मान हलवते. पण आमच्या खानदेशच्या देवीपुढे, कानबाईपुढे बसले की मान हलवून भागत नाही. खरे सांगायचे तर तरुणपणी मी या बाईचा जेवढा मत्सर केला तेवढा जन्मात कुणाचा केला नाही. तो कसा सुटला, किंवा कुणी सोडवला, ते आज लिहून ठेवते.

माझे यजमान एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला हौसेने लिहायला-वाचायला शिकवले आणि लग्नाच्या सहाव्या वर्षी पटकीने गेले. मी देवपूरला माहेरी परत आले. घरात माझे वडील, आबा होते, त्यांना डोळ्यांनी फारसे दिसत नसे. धाकटा भाऊ पलटणीत होता. पहिली मोठी लढाई लागली तेव्हा तो समुद्रापलीकडे गेला आणि घरात मागे राहिली द्वारका, कडेवर लहानगा दगडू घेऊन. ती चाळीसगावजवळच्या खेड्यातली. अक्षरओळख नाही, बोलणे सगळे अहिराणी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

तिचे काय काय मला खुपायचे, सांगायची लाज वाटते. सकाळी ती पितळेच्या करंड्यातून कुंकू लावायची, तेव्हा मी मुद्दाम चुलीकडे तोंड करायची. दगडू पडला, रडला, की आधी मी धावायची. पण तो माझ्या हातातून निसटून तिच्याकडे जायचा. आणि श्रावणात कानबाई बसायची तेव्हा तर माझा जीव नुसता जळायचा. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने काढतात. आबांची मूठ झाली, दगडूची झाली, की द्वारका सातासमुद्रापलीकडच्या नवऱ्याची मूठ काढायची. आणि तीही अशी निर्धास्त, जणू तो ओट्यावर बसून पाय धूत आहे. दुसऱ्या दिवशी कानबाईला डोक्यावर घेऊन ती वाजतगाजत पांझरा नदीवर विसर्जनाला जायची. मी विधवा, भिंतीला टेकून मागे. मनात म्हणायची, माय, हिलाच सगळे का? मी काय वाईट केले होते?

भावाची पत्रे आबांच्या नावाने यायची आणि वाचायची मी. शेवटी दोन-चार ओळी असायच्या, "दगडूच्या आईस सांगणे" अशा. तिकडे खजुराची झाडे पाहिली की तिच्या माहेरच्या मळ्याची आठवण होते, तिने धरलेले उपास पुरेत आता, असे काहीबाही. माझ्या नवऱ्याने मला असे पत्र कधी लिहिले नव्हते. लिहायला तो कधी दूर गेलाच नव्हता. एकदा मी त्या ओळी गाळल्या. कुणाला कळले नाही. मग गाळतच गेले. द्वारका उंबऱ्याशी बसून ऐकायची, "बठ्ठं वाचं ना, अक्का?" सगळे वाचले ना, एवढे विचारायची आणि मी हो म्हणायची.

त्या वर्षी कानबाईनंतर चार दिवसांनी, शुक्रवारी, पत्र आले. मुंबईच्या इस्पितळातून. भावाच्या उजव्या हाताला गोळी लागली होती, म्हणून मजकूर दुसऱ्याने लिहिलेला. जीव बचावला, काळजी नसावी, वगैरे मी मोठ्याने वाचले. आबा रडले. द्वारकाने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. पुढच्या चार ओळी तिच्यासाठी होत्या. सोमवारी आम्हाला गाडीने वरच्या मुलुखातल्या छावणीत नेणार, गाडी दुपारी चाळीसगावला इंजिनाच्या पाण्यासाठी थांबेल, रजा नाही, दगडूला घेऊन फलाटावर आलीस तर भेट होईल.

मी पत्राची घडी केली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला न्यायला आला, त्यांच्या आईला ताप होता. निघताना ती म्हणाली, "अक्का, देव्हारामा दिवा लावत जा." सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी दगडूच्या टोपड्याची नाडी बांधून दिली.

सोमवारी सकाळी दिवा लावायला बसले. काडी पेटेना. श्रावणातली दमट हवा, काड्या सर्दच असणार. त्यात चमत्कार होता असे मी म्हणत नाही. पण चौथी काडीही विझली तेव्हा मी पेटी खाली ठेवली. एका भेटीसाठी मी काय काय दिले असते ते मलाच ठाऊक होते, आणि तीच भेट मी दुसरीच्या हातून काढून घेत होते. आबांना म्हटले, विहिणीला पाहून येते. तशीच पांझरा ओलांडून धुळ्याच्या स्टेशनावर गेले.

चाळीसगावला उतरले तेव्हा दुपार झाली होती. द्वारकाचे गाव दोन कोस, रस्ता मला माहीत नाही, आणि फलाटावर माणसे म्हणत होती की फौजेची गाडी येतच आहे. एका बाकाशेजारी मी खाली बसले. आजवर कानबाईकडे मी फक्त तक्रारी नेल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा काही मागितले. म्हटले, माय, माझ्या हातून आता काही होण्यासारखे नाही. तू बघ.

गाडी आली. डब्यांतून पट्ट्या बांधलेले शिपाई डोकावू लागले. आणि पुढच्या टोकाला, डोक्यावर पदर, काखेत दगडू आणि हातात तांब्या घेतलेली द्वारका मला दिसली. मागून कळले ते असे. आईच्या औषधासाठी ती चाळीसगावात आली होती. रेल्वे फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदाराने सहज सांगितले की जखमी शिपायांची गाडी यायची आहे. "कोनाकोनाना घरधनी तेमा व्हतीन, पाणी तरी पाजू," असे म्हणून ती त्याच्याकडूनच तांब्या मागून आली होती. परक्या शिपायांना पाणी पाजत पाजत ती तिसऱ्या डब्याशी गेली आणि तिथे तिचाच नवरा बसला होता.

मी जवळ गेले तेव्हा तो डाव्या हाताची ओंजळ धरून पाणी पीत होता. ती ओतत होती. ओंजळीतून पाणी सांडत होते आणि ती ओतत होती. एवढे होऊनही, खोटे का बोलू, ते पाहून माझ्या छातीत पुन्हा एकदा जळले.

भावाने मला पाहिले. त्याचा चेहरा उजळला. "अक्का! तूच इले लई उनी ना? माले ठाऊक व्हतं, तू वाची दाखाडशी."

पत्र वाचून दाखवून मीच तिला घेऊन आले, अशी त्याची समजूत झाली होती. द्वारकाने माझ्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले कोण जाणे. त्या नजरेत तिला सगळे उमगले. मग ती वळून म्हणाली, "हा. अक्कानीच सांगं."

शिटी झाली. भावाने दगडूचा मुका घेतला, गाडी हलली. हात बरा झाल्यावर त्याला पुन्हा तिकडे पाठवले आणि तिथल्या तापाने तो गेला. त्या फलाटानंतर दोघांची भेट नाही.

तार आली त्यानंतर कितीतरी दिवसांनी मी तिचे पाय धरले. विचारले, तू त्या दिवशी खोटे का बोललीस? ती गहू निवडत होती. म्हणाली, "घडीभरनी भेट व्हती, अक्का. तेमा तुमनी चुगली करू?" आणि सूप माझ्याकडे सरकवले. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

पुढे तिने शेतात राबून दगडूला वाढवले. दुसऱ्या लढाईत तोही बापासारखा पलटणीत गेला, तेव्हा तिने अडवले नाही. द्वारकाच्या शेवटच्या आजारात दगडूची पत्रे यायची थांबली होती. मी रोज टपाल कचेरीत खेटे घालायची. एका सकाळी ती देव्हाऱ्याकडे पाहत म्हणाली, "आते नका जाऊ, अक्का. तो तिना हवाली शे. तुम्ही मनाजोडे बसा." मी तिच्याजवळ बसले. दुपारपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता, मग सैल झाला. दगडू चार महिन्यांनी सुखरूप परतला.

मत्सर माझ्यातून पुरता गेला असे मी म्हणणार नाही. शेजारणीची सून गरोदर आहे असे परवा कळले तरी क्षणभर काहीतरी टोचलेच. पण आता मी ते लपवत नाही. सकाळी देव्हाऱ्यापुढे बसते आणि सांगते, माय, आज मनात हे आले, हे तू ठेवून घे. मग उठून शेजारणीकडे जाते. तिच्या सुनेला डोहाळे लागले आहेत, आंबट वरण लागते. ते मला चांगले जमते.