चादरीचं कव्हर

समोरच्या काकांची जुनी मोटार आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बोळात मावत नाही, म्हणून ती बोळाच्या तोंडाशीच उभी असते. येणारा-जाणारा काहीतरी बोलतोच.

"काका, भंगारात घाला की!"

काका गाडी पुसता पुसता म्हणतात, "व्हय की, घालायला पायजे."

कुणी म्हणतं, रंग चुकला. "व्हय की, चुकलाच." ते वाद घालत नाहीत. बोलणाराच कंटाळून जातो.

मागच्या सीटला त्यांनी माझ्याकडून चादरीचं कव्हर शिवून घेतलं. परवा जुळे सोलापूरहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. आत वाकून बघितलं आणि हसले. "अहो, अशा गाडीला चादर? कुणी शिवलं हे? काढून टाका, पार शोभा गेली."

मी माझ्या दारातच उभी होते. आता काका 'व्हय की' म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली.

काकांनी फडकं बाजूला ठेवलं, मागचं दार उघडलं आणि त्या कव्हरवर जाऊन बसले. पाहुणे बराच वेळ रेक्झिनचे गुण सांगत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग, काढताय ना?"

"बसलोय की मी," काका म्हणाले.

पाहुणे जाईपर्यंत ते खाली उतरले नाहीत.