शाहीनबद्दल मी जे बोललो नाही

माझ्या हातून शाहीनचं नुकसान झालं — नाही, असं नको. 'हातून झालं' ही पळवाट आहे. मी शाहीनचं नुकसान केलं. गेल्या वर्षी, शाबान या रमजानआधीच्या महिन्यातल्या शेवटच्या जुम्म्याला, नमाज सुटल्यानंतर, मशिदीतल्या हौदापाशी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यापर्यंत तिलाही नाही.

तुम्ही मला ओळखता. जुम्म्याला दारात उभा राहून मराठी पत्रकं वाटतो तो अनीस. आपली कितीतरी पोरं मराठी शाळेत शिकलीत, उर्दू वाचता येत नाही, मग त्यांना दीन, आपला धर्म, कोणत्या भाषेत सांगायचा? म्हणून मी लिहितो. हुंड्यावर लिहिलं. लग्नातल्या डीजेवर लिहिलं. बहिणींचा वाटा गिळणाऱ्या भावांवर लिहिलं, आणि नावं न घेताही ज्याला लागायचं त्याला लागलं. काहींनी माझ्यासमोर पत्रक फाडलं. मला त्याचा अभिमान वाटायचा — खोटं कशाला बोलू, फार वाटायचा. दुसऱ्याच्या घरातली घाण मला लांबून दिसते, असं मी समजायचो.

इतवारीत भांड्यांच्या दुकानावर एक खोली आहे. दर रविवारी आमचं मंडळ तिथे बसतं. एका बाजूला पोरं, एका बाजूला मुली. इस्लामचा इतिहास वाचायचा आणि त्यातलं आज आपल्या घरात, आपल्या गल्लीत काय लागू होतं ते बोलायचं. शाहीन तिथे भावासोबत यायची. मूळची खेड्यातली, वडिलांनी बेसाला घर बांधलं म्हणून शहरात आलेली. इतिहासात एमए करत होती. गावाकडचीच बोली बोलायची आणि त्याची तिला लाज नव्हती.

रमजान तोंडावर आला होता. मी 'जिभेचा रोजा' नावाचं पत्रक लिहिलं. विषय गीबत — माणसाच्या पाठीमागे केलेली निंदा, जिला अल्लाहनं मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. त्यात मी मदिनेतली ती गोष्ट घेतली. पैगंबरसाहेबांच्या एक बीबी प्रवासात काफिल्याच्या मागे राहिल्या, तेवढ्यावरून त्यांच्यावर आळ आला, महिनाभर शहरभर कुजबुज चालली, आणि शेवटी वहीनं, अल्लाहकडून उतरलेल्या संदेशानं, त्यांना निर्दोष ठरवलं. गोष्टीखाली मी लिहिलं की ही बायकांची जुनी खोड आहे, बहिणींनो, निदान रमजानमध्ये तरी सोडा.

मंडळात वाचून दाखवलं. शाहीन म्हणाली, "अनीसभाई, हे बायकाइलेच काहून धरलं तुम्ही? मदिनेत आग लावणारा बाप्याच होता ना? अन् पसरवणाऱ्यातही बाप्येच जास्त."

मी म्हटलं, मुद्दा तो नाही.

"मुद्दा तोच हाय. उद्या म्हणाल, पानठेल्यावर उभे राहून तुम्ही लोकं तसबीहचे मणी फिरवता."

खोली हसली. मुली हसल्या, पोरं हसली, माझा सख्खा भाऊही हसला. ती मात्र हसली नाही, ती कामाचं बोलत होती. तिनं विचारलं, त्या दुसऱ्या बीबीचं काहून नाही लिहिलं? दोघींची चढाओढ होती. पैगंबरसाहेबांनी आळ आलेल्या बीबीबद्दल त्यांना विचारलं, तेव्हा एका शब्दानं वैर काढता आलं असतं. त्या म्हणाल्या, मला तर तिचं चांगलंच माहीत आहे. "एवढं टाका," शाहीन म्हणाली, "पत्रक आपोआप उभं राहते."

मी टाकलं. बायकांचं वाक्य काढलं, हे घातलं. तिचं नाव कुठे दिलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी त्या भागासाठी माझी पाठ थोपटली, आठवतं? मी थोपटून घेतली.

आता हौदाकडे येतो. टाळतोय, हे तुम्हाला कळलंच असेल.

शाहीनला कामठीतल्या एका शिक्षकाचा रिश्ता आला होता. घरच्यांसमोर दोघं एकदा भेटले होते आणि तिनं हो म्हटलं होतं. तिच्या भावानं रविवारी मंडळात संत्रा बर्फी वाटली. कशाची ते सांगितलं नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. राहिली होती फक्त चौकशी. आपल्यात ती कशी होते, ठाऊक आहे. मुलाकडचं कोणी मोठं माणूस मुलीच्या मोहल्ल्यात, नाहीतर ती शिकायला जाते तिथे येतं, मशिदीत नमाज पढतं, आणि शेजारच्याला, दुकानदाराला, ओळखीच्या पोराला बाजूला घेऊन हळूच विचारतं.

मुलाचे मामा आले. लकडगंजला त्यांची आरा मशीन आहे, लाकडाचा धंदा, भला माणूस. माझ्या हातात त्याच 'जिभेचा रोजा'चा गठ्ठा होता. त्यांनी एक पत्रक घेतलं, नीट घडी घातली, कुर्त्याच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, वो शाहीन तुम्हारे यहाँ पढ़ने आती है. लड़की कैसी है?"

मला काय माहीत होतं? ती नमाजी आहे. अभ्यास करते. चुकलेल्याला चुकला म्हणते. येताना-जाताना भाऊ सोबत असतो. वाईट म्हणावं असं काही म्हणजे काहीच मला माहीत नव्हतं. आणि नियम? तोही माहीत होता. रिश्त्याची चौकशी झाली तर जे ठाऊक आहे ते सरळ सांगायचं, ती अमानत आहे, तिथे गीबतीची भीती घालून गप्प बसायचं नाही. हे मी लिहिलं होतं. त्यांच्या खिशात गेलेल्या त्या कागदावरच लिहिलं होतं.

मी मान खाली घातली. गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. थोडा थांबलो — ते थांबणं आपोआप झालं नाही, मी मोजून थांबलो. मग म्हणालो, "चचा, मुझसे मत पूछिए. गीबत हो जाएगी."

बस. एवढंच.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, समझ गया बेटा. आणि मला दुआ दिली. शाहीनची बदनामी केल्याबद्दल मला मशिदीत दुआ मिळाली.

का केलं? मला ती आवडत होती, असं काही नाही. तशी काही गोष्ट असती तर निदान सांगायला बरी वाटली असती. खोली हसली होती, म्हणून केलं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

चार दिवसांनी मुलाकडून निरोप आला: इस्तिखारा ठीक नहीं आया. रिश्ता मोडायचा असला की आपल्यात हेच कळवतात, नाही का? अल्लाहकडे कौल मागितला, अल्लाहनं नाही म्हटलं. भांडण नाही, कोणाचा दोष नाही. तिचा भाऊ इतवारीच्या त्या जिन्यात मला हे सांगत होता, तेव्हा मी काय बोललो असेन? अल्लाह की मर्जी, म्हणालो. केलं मी आणि नाव त्याचं पुढे केलं.

मग तुम्ही लोक बोलायला लागलात. जुळत आलेलं मोडलं म्हणजे काहीतरी असेल. पुढच्या रिश्त्यानं विचारलं, पहिलं का मोडलं? तोही गेला. वडिलांनी तिचा रविवार बंद केला, नंतर कॉलेजही. एमएचं दुसरं वर्ष तसंच राहिलं. आणि मी? मी पत्रकं वाटत होतो.

गेल्या आठवड्यात लकडगंजला गेलो. मशीन बंद करायला लावली आणि मामांना सांगितलं की शाहीनमध्ये काही खोट नव्हती, खोट माझ्यात होती. ते बराच वेळ अंगावरचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, लड़के का निकाह हो चुका, और बेटा, तुमने तो कुछ कहा ही नहीं था, दिल पे मत लो. किती सहज सोडून दिलं मला. तुम्हीही सोडाल, मला माहीत आहे. सोडू नका.

तिथून बेसाला गेलो. वडील आणि ती, दोघांसमोर सगळं सांगितलं. वडील उठून आत गेले. ती बसून राहिली. मग म्हणाली, "मी त्या इस्तिखाऱ्यावर रडून राहिली होती, भाई. मले वाटलं, अल्लाहच मले नाही म्हणून राहिला."

मी उठलो, दाराकडे गेलो.

निघताना ती म्हणाली, "छापा आता हे. अन् नाव टाका माझं. मागच्या खेपेले गाळलं होतं." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही.

तेव्हा हे छापतो आहे, तिच्या नावासकट. माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते तुमच्याकडेच ठेवा. पण शाहीनचा रिश्ता इस्तिखाऱ्यानं मोडला, हे तुम्ही ज्याच्या ज्याच्या कानात घातलंत — दुकानात, वलीम्याच्या पंगतीत, दारात उभं राहून — त्याच्या त्याच्याकडे आज जा. अनीसनं मोडला, असं माझं नाव घेऊन सांगा. आणि जे मी हौदापाशी बोललो नाही ते तुमच्या तोंडानं, मोठ्यानं बोला: लड़की अच्छी है.